आक्काचे पाय आणि मेंढ्यांचे जंत

आक्का गेल्याचा निरोप तिच्या धाकट्या दिराने आणला. सटाण्याहून पहिली एसटी धरून तो पंचवटीतल्या माझ्या खोलीवर आला, उंबऱ्यातच बसला आणि म्हणाला, "लक्ष्मीच्या पावलांची वहिनी गेली, ताई." थोरली बहीण गेल्यावर माणसाला रडू येतं. मला आधी संताप आला. दीड महिना झाला, तो अजून उतरलेला नाही, म्हणून हे लिहिते आहे.

मोठा दुष्काळ सरला त्या वर्षी आक्काचं लग्न झालं. सासरी मेंढ्यांचा भला थोरला कळप. त्या पावसाळ्यात कालव्याच्या कडेला ओलं, हिरवंगार गवत माजलं. पाचोळ्यावर जगलेल्या मेंढ्या तिथे पोटभर चरल्या आणि घरदार खूश झालं. मग हळूहळू मेंढ्यांच्या डोळ्यांतली लाली गेली, जबड्याखाली पाण्याच्या थैल्या लोंबू लागल्या. काही माजावरच येईनात, गाभण होत्या त्या गाभडल्या. गवतावर कुणाचा संशय गेला नाही. घरात नवीन काय आलं होतं? आक्का! झालं, ती पांढऱ्या पायाची ठरली. मेंढ्या कोंडायच्या जाळीत पाऊल टाकायला तिला बंदी. भाकरीसुद्धा बाहेर ठेवून मागे फिरायचं. पुढच्या हंगामात कोकरं झाली नाहीत तर हिला माहेरी धाडायची आणि मुलाचं दुसरं लग्न लावायचं, असं सासूने चारचौघांत सांगून टाकलं. आणि आमचे दाजी? ते खाली मान घालून लोकर कातत बसले.

शेवटी गुरांच्या दवाखान्यातले डॉक्टर आले. मी तेव्हा तिथेच होते. मेलेली मेंढी त्यांनी सगळ्यांसमोर फाडली. काळीज कापलं तर आतून पानासारखे चपटे जंत निघाले. "अंगात रक्तच राहिलं नाही तर मेंढी गाभ धरणार कशी? हे ओल्या गवतातून पोटात जातात. औषध पाजा, आणि कालव्यावर चारू नका," डॉक्टर म्हणाले. इतकं डोळ्यांदेखत! सासूने पदर नाकाला लावला आणि म्हणाली, "जंत शेतस ते खरं. पन लई कोन उनं?" जंत आहेत खरे, पण आणले कुणी! या बाईपुढे काय डोकं फोडायचं...

आक्का मात्र माझ्या कानाशी लागली, "माझे पाय एवढे जहाल हायेत, तर कालव्यावर फिरवा म्हणावं एकदा. जंत तरी मरतील."

औषध पाजायचं घाणेरडं, किचकट काम कुणी घेईना, तेव्हा ते तिच्या गळ्यात पडलं आणि तिच्या पायांवरची बंदी आपोआप उठली. पुढच्या हंगामात जाळी कोकरांनी भरली. दाजींचं दुसरं लग्न टळलं. पण औषधाचं नाव कुणी काढलं नाही. म्हणे, सुनेचा पायगुण फळला! त्यानंतर दरवर्षी पावसाळ्याच्या आगेमागे ती मेंढीचं डोकं गुडघ्यांत धरून औषध पाजत राहिली.

यंदा तिला कावीळ झाली. पावसाळाभर ती अंथरुणात होती आणि मेंढ्यांना औषध पाजायचं कुणाला सुचलं नाही. दहाव्याला गेले तर जबड्यांखाली त्याच थैल्या. जाळीबाहेर उन्हात भाकऱ्यांचं टोपलं घेऊन त्या धाकट्या दिराची नवी बायको उभी. आत का जात नाहीस, विचारलं तर ती आपल्या पायांकडे बघायला लागली.

मी तिचा हात धरून तिला सरळ आत नेलं. सासू ओरडली. मीही ओरडले, दहाव्याला शोभणार नाही असं. जाळीच्या खांबाला आक्काचं औषध पाजायचं बांबूचं नळकांडं टांगलेलं होतं, मेंढ्यांनी चावून चावून तोंडाशी झिजलेलं. पोरीने ते काढून हातात घेतलं.

"केवढं पाजायचं, ताई?"

मी सासूकडे पाहिलं, दाजींकडे पाहिलं, दिराकडे पाहिलं... एकालाही माहीत नव्हतं. इतकी वर्षं सगळे तिचे पाय बघत बसले होते.