आमच्या गावची राज्यसभा

थांबा, हे मले आत्ताच्या आत्ता सांगायचं हाय, जेवण मंग. मी साकोलीले स्पर्धा परीक्षेच्या क्लासमधी शिकवते. आज एका पोरीनं विचारलं, मॅडम, पैशाचं विधेयक राज्यसभा किती दिवस अडवू शकते? उत्तर पाठ हाय मले. तरी म्हटलं, उद्या सांगते.

मी बारावीत होती तेव्हाची गोष्ट. आमचं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात जाणार होतं. नव्या गावठाणात प्लॉट भेटले होते, निघायचं कधी याच्यावरच भांडणं. बऱ्याच म्हाताऱ्याइले निघायचंच नव्हतं. ग्रामसभेत नुसता गोंधळ. मी नागरिकशास्त्राचं पुस्तक घेऊन उभी राहिली. म्हटलं, दोन सभागृहं करा. घरटी एक माणूस, ते लोकसभा. साठीच्या वरचे सारे, ते राज्यसभा.

लोकाइले पटलं. लोकसभेनं आपल्यातूनच अध्यक्ष निवडला, माहे बाबा. राज्यसभेचा सभापती त्या सभागृहातला नसते, म्हणून बाजूच्या गावचे रिटायर पोस्टमन आणून बसवले. त्याइले मत फक्त बरोबरी झाली तर.

लोकसभेनं ठरवलं, सोमवारी निघायचं. मंग बुद्धविहाराच्या ओट्यावर राज्यसभा बसली. माहे मोठेबाबा, म्हणजे बाबाचे मोठे भाऊ, सगळ्यात पुढं.

"पोरी, तुह्या पुस्तकात आमचं किती चालते?"

"पैशाच्या विधेयकाले चौदा दिवस अडवता येते. त्याच्यावर नाही."

"मंग दे चौदा दिवस. तेवढं तरी राहू आपल्या घरात."

मागून कोणीतरी म्हणे, "मोठेबाबा, पोरगी सांगते राज्यसभा कधी बरखास्त होत नाही."

"सभा नाही होत बावा. सभासद होतात."

सारे हसले. मीही हसली.

चौदा दिवस थांबायचं का, यावर मत घेतलं तं बरोबरी. पोस्टमन काका माह्याकडं पाहून म्हणे, "बाई, आता मी काय करू?" मी पुस्तकी पोट्टी, म्हटलं, सभापतीनं चर्चा चालू राहील असं मत द्यावं, तसा रिवाज हाय. त्याइनं चौदा दिवसाले हात वर केला.

नवव्या दिवशी सकाळी पाणी नाल्यातून उलटं चढलं. पह्यले रस्ताच गेला. लोकं डोक्यावर गाठोडी घेऊन कमरभर पाण्यातून निघाले. मोठेबाबा ओट्यावर बसूनच. म्हणे, "अजून पाच दिवस हायेत आमचे." बाबानं त्याइले पाठीवर घेतलं अन् काढलं. पावसात, वल्ल्या कपड्यानं, नव्या गावठाणातल्या टिनाच्या शेडमधी नेलं. त्याच राती मोठेबाबाले ताप चढला, तो उतरलाच नाही.

पाचव्या दिवशी गेले. चौदावा दिवस होता. मी मोजला नव्हता. त्याइनंच सकाळी विचारलं होतं, "आज चौदावा नं?"

नव्या गावठाणात स्मशानाची जागाच ठरली नव्हती. ती ठरवायले बाबानं सभा बोलावली. म्हातारे, जवान, सारे एकाच चिखलात उभे. मले त्या दिवशी कोणी काही म्हटलं नाही. आजवर नाही म्हटलं. बाबानंही नाही.

त्या पोरीले उद्या उत्तर द्यावंच लागन. पेपरात येते ते.

तुमच्यासंग झालं काय असं? पुस्तकातलं अगदी बरोबर सांगितलं, अन् त्याच्यापायी घरचं माणूस गेलं?