बाईंनी नापास केलेली कोरियन मालिका

आमच्या बाई पेढा हातात घेत, पण टक्के ऐकल्याशिवाय तोंडात घालत नसत. गिरगावातल्या आमच्या चाळीत दहावीचा निकाल लागला की पोरं आधी त्यांच्या दारात. ब्याण्णव टक्के ऐकून बाई विचारत, "बरं. आणि पहिली कोण आली?" मग शांतपणे पेढा खात. देणारीच्या तोंडाची चव मात्र गेलेली असे.

बाई शाळेत गणित शिकवायच्या. वर्गात बाकं मार्कांप्रमाणे. हुशार पुढे, बाकीचे मागे, आणि मी दाराशी, म्हणजे जवळजवळ शाळेबाहेरच. निवृत्त झाल्यावर त्यांनी गणपतीतला गुणगौरव समारंभ ताब्यात घेतला. कंपासपेटी देताना माइकवर टक्के सांगत आणि उरलेले कुठल्या विषयात गेले तेही. त्यांना थांबवायची मंडळात कोणाची टाप नव्हती.

अशा घरात कोरियन मालिका शिरली ती जुहीमुळे. जुही त्यांची नात. डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेसाठी आजीकडे राहिलेली. दोनदा देऊन झाली होती, तिसऱ्यांदा तयारी चालू होती. मालिका एका बड्या शाळेतली, पहिल्या नंबरासाठी एकमेकांचे गळे धरणाऱ्या मुलांची. "अभ्यासाचीच आहे गं आजी," असं सांगून जुहीने ती जेवताना लावली. मी शेजारीण, आवाजाने ओढली गेले.

मालिका अगदीच टुकार निघाली. सुरुवातीला केवढा आव आणला होता, पण चार भागांत सगळी हवा गेली. बाईंचे शेरे तेवढे ऐकण्यासारखे. "हा पहिला येतो? मी ह्याला पुस्तक उघडताना पाहिलेलं नाही. मेला केसच सावरतोय." "मुख्याध्यापक सारखे खिडकीबाहेर बघतायत. तास कोण घेतंय?" फळ्यावर गणित दिसलं की टीव्ही थांबवायला लावून त्या ते सोडवत. "चुकलंय," म्हणत, आणि त्या दिवशी एक पोळी जास्त खात.

शेवटच्या भागात पहिली येणारी मुलगी गच्चीवर आईला म्हणाली, मला हे आता जमणार नाही. आईने लगेच मिठी मारली, पियानो वाजला, संपलं. बाई खवळल्या. "असं कुठे असतं? आई आधी ओरडते. दोन दिवस अबोला धरते. मग पुढचं!"

"आजी, मलाही नाही द्यायची परीक्षा," जुही ताटाकडे बघत म्हणाली. "रोज सकाळी पुस्तक उघडलं की मला उलटी होते. तुला सांगितलं नाही इतके दिवस."

बाई ओरडल्या. मागच्या चाळीपर्यंत ऐकू गेलं. आणि मग अबोलाही धरला, अगदी स्वतःच सांगितल्याप्रमाणे. ताट वाढून ठेवत, पण तोंडातून शब्द नाही. दुसऱ्या दिवशी जुहीने त्या ताटाला हातही लावला नाही. पोरगी जिवाचं काही बरंवाईट करून घेते की काय, अशी मला धास्ती वाटायला लागली.

तिसऱ्या दिवशी सकाळी बाई माझ्या दारात उभ्या. केसही विंचरलेले नव्हते.

"तुझ्याकडे तसली दुसरी एखादी मालिका आहे का गं? ह्यात ओरडून झाल्यावर काय बोलायचं ते दाखवलंच नाही."

एरवी मी हसले असते. आयुष्यभर मी ह्या बाईला घाबरत आले होते, त्या क्षणी मला तिची भयंकर माया आली. "नाही हो बाई," मी म्हटलं. त्यांनी मान हलवली, घरात गेल्या आणि दार लावून घेतलं.

बाई गेल्या त्याला आता वर्ष होईल. जुही इतिहास घेऊन बी. ए. झाली, दादरच्या एका वाचनालयात नोकरी करते. त्या सकाळी आत काय झालं, ते मी तिला परवा विचारलं.

"काही नाही हो काकू. खूप वेळ नुसती शेजारी बसली. मग म्हणाली, 'लिंबू सरबत करते, चालेल का तुला?'" जुहीने डोळे पुसले. "चालेल का, असं आजीने मला त्याआधी कधीच विचारलं नव्हतं."