ब बाटलीचे उंदीर

अमरावतीच्या आमच्या फार्मसी कॉलेजात प्राणिगृह आहे. तिथे उंदरांपेक्षा किस्सेच भराभर वाढतात. उंदीर निदान मोजता तरी येतात!

माझ्या शेजारच्या टेबलावर पल्लवी, अंजनगाव सुर्जीची. तिची पीएचडी एका प्रश्नावर: कच्च्या पपईच्या चिकातलं एन्झाइम लावलं, तर जखमेची सूज लवकर उतरते का? उंदरांना भूल देऊन पाठीवर छोटी जखम करायची, अर्ध्यांना एन्झाइमचं जेल, अर्ध्यांना साधं जेल, आणि रोज सूज मोजायची.

पपई तिच्या बाबांच्या वावरातली, त्यामुळे त्यांचा रोज फोन. "पोरी, उंदीर कसे हायेत?" एकदा ती चिडलीच. "बाबा, मले ताप आला हाय, माझं तर विचारा!"

पलीकडे काळजीचा सूर. "मंग उंदरायले कोन पाहून राहिलं?"

*

पहिल्या खेपेला साध्या जेलवाल्यांचीही सूज झपाट्याने उतरली. पल्लवी डोकं धरून बसली. मी पिंजऱ्यात वाकून पाहिलं, तर पांढऱ्या उंदरांच्या पाठी पिवळ्या!

प्राणिगृह सांभाळणारे शेषरावभाऊ शांतपणे म्हणाले, "हळद लावली. तुमी अर्ध्यायले दवाई देता अन् अर्ध्यायले काईच नाई. माह्या जीवाले पाहवत नाई ना!"

सगळी खेप वाया. आणखी एकाच खेपेची परवानगी मिळाली. ती फसली तर पल्लवीची तीन वर्षं पाण्यात!

*

मग पल्लवीच्या गाइड सरांनी बाटल्यांवर फक्त अ आणि ब लिहिलं. कशात काय, ते एका पाकिटात बंद. पल्लवीलाही माहीत नाही, शेषरावभाऊंनाही नाही.

भाऊ दोन दिवस रुसले. तिसऱ्या दिवशी जाहीर केलं, "नाई सांगत ना? मंग मी बी दोन्हीकडे सारखाच जीव लावतो!"

सर म्हणाले, "भाऊ, आम्हाला तेवढंच पाहिजे होतं!"

*

शेवटचा दिवस. ब बाटलीवाल्यांची सूज बरीच कमी होती. पण ब म्हणजे एन्झाइम की साधं जेल? सरांनी पाकीट पल्लवीच्या हातात ठेवलं.

तेवढ्यात शेषरावभाऊ बोट धरून आले. उंदीर चावला होता.

"भाऊ, आधी इंजेक्शन घ्या!"

"घेतो ना. पन मंग ते ब बाटली द्या."

"काहून ब?" पल्लवीने विचारलं.

"अ वाले बिचारे कोपऱ्यात बसून रायतात. ब वाल्यायच्या अंगात लय मस्ती आली!"

पल्लवीने पाकीट फाडलं. आत लिहिलं होतं: ब, एन्झाइम. तिने थेट घरी फोन लावला. "बाबा..." बाबांनी तिला पुढे बोलूच दिलं नाही.

"काय झालं व पोरी? उंदीर बरे हायेत ना?"

शेषरावभाऊ सुजलेलं बोट नाचवत फोनमध्ये ओरडले, "एकदम बरे! मले चावले ना!"