पुजलेला मिक्सर

शुद्धलेखनाच्या चुका आणि हे वेडंवाकडं अक्षर, दोन्हींची माफी असावी. चौथीनंतर शाळा सुटली. हे कुणाला दाखवायचं नाही, तरी माफी मागते.

मी शेंगाची चटणी कुटून विकते. खांदा गेला, मुसळ उचलेना, म्हणून बचत गटाचं कर्ज काढून सात रस्त्याजवळच्या दुकानातून मिक्सर आणला. नवी वस्तू आम्ही आधी पुजतो. हळदी-कुंकू लावलं, नारळ फोडला, मग बटण दाबलं. हात लावताच मिक्सरनं शॉक देऊन मला भिंतीवर फेकलं. ओठ फुटला. नवरा आला आणि उचलायच्या आधी त्यानं थोबाडीत दिली. "पैसे आण, न्हायतर घरात येऊ नको."

मिक्सर खोक्यात घातला आणि जाऊबाईंना घेऊन दुकानात गेले. मालकानं भिंतीवरची पाटी दाखवली, विकलेला माल परत घेतला जाणार नाही. गटाच्या ताई म्हणाल्या होत्या, माल खराब निघाला तर अशी पाटी चालत नाही, पावती ठेवा. मी पावती पुढे केली.

"कुंकू लावलंय," मालक म्हणाला. "वापरलेला झाला. नारळाचं पाणी आत गेलं असंल."

"मग तुमच्या गल्ल्यावर कुंकू कशाला, मालक?" जाऊबाई म्हणाल्या. "त्यो बी वापरलेला व्हय?"

गिऱ्हाइकं हसली. मालकानं खोकं माझ्या छातीवर ढकललं. मी पडले. जाऊबाईंनी मिक्सर काढून दुकानातल्याच बोर्डाला लावला.

"लावा हात."

"हिलाच लावू दे की!" त्यानं माझं मनगट पिरगाळलं आणि मिक्सरकडं ओढायला लागला. बांगड्या फुटून मांसात रुतल्या. मी त्याच्या हाताला कडकडून चावले. रक्ताची चव लागली तरी सोडलं नाही.

"सोड, सटवे!" तो ओरडला. दुसऱ्या हातानं त्यानं माझे केस ओढले. जाऊबाईंनी त्याची कॉलर धरली.

"मालकाला ठावं हाय, म्हणून तर सोताचा हात लावंना!"

एका गिऱ्हाइकानं करंट बघायचा टेस्टर मिक्सरला टेकवला. टेस्टरचा दिवा पेटला. आता कुणी हसलं नाही.

मालकानं हाताला रुमाल गुंडाळला आणि अर्धे पैसे टाकले. "कुंकवाचे कापले."

मी फुटक्या बांगड्यांचा हात तसाच पुढे धरून उभी राहिले. "सगळे," म्हणाले. दुकानात तेवढाच शब्द बोलले.

त्यानं शिवी दिली, गल्ला उघडला आणि उरलेले सगळे पैसे माझ्या हातावर ठेवले.