डाव्या हाताचं धनुष्य

शिमग्यातल्या पारधीला आमच्या गावात बंदूक चालत नाही. डुक्कर धनुष्यानेच मारायचं, आणि ज्याचा बाण आधी लागेल त्याला मान. आमच्या घरात तो मान कधी आलाच नव्हता. बाबा आयुष्यभर रानात नुसते हाकारे घालत राहिले. नव्वदच्या दशकात मी कुवेतला एसी दुरुस्तीच्या कामावर होतो, तेव्हा माझ्या डोक्यात खूळ शिरलं की चांगलं रिकर्व्ह धनुष्य घ्यायचं, ते टोकं पुढे वळलेलं, आणि सुट्टीत बाबांसमोर डुक्कर पाडायचं.

कुवेतच्या महबूला भागात माझ्या खोलीत माझ्याच वाडीतला, शाळेपासूनचा मित्र राहायचा. डावखुरा, आणि पारधीतला पट्टीचा नेमबाज. त्याला अरबी यायचं, मला नाही, म्हणून शिकारीच्या सामानाच्या दुकानात मी त्यालाच घेऊन गेलो. दुकानदाराने दिलेलं पहिलं धनुष्य माझ्या हातात छान बसलं होतं. मित्राने ते काढून घेतलं. मला एकेक डोळा मिटून अंगठ्याकडे बघायला लावलं आणि निकाल दिला.

"तुजो डावो डोळो जास्त चलता. तुका डाव्या हाताचाच धनुष्य व्हया."

मी उजव्या हाताने जेवणारा, लिहिणारा माणूस. पण इतका मोठा नेमबाज सांगतोय म्हटल्यावर घेतलं. मग तो दुकानदाराशी बराच वेळ अरबीत बोलला. मला वाटलं, लाकडाची चौकशी करतोय.

हिवाळाभर दर शुक्रवारी आम्ही वाळवंटात जुन्या गादीवर बाण मारायचो. माझे बाण भलतीकडेच जायचे. तो म्हणायचा, जमेल हळूहळू. त्याची सुट्टी माझ्या आधी आली. सुट्टीवर जाणाऱ्याच्या बॅगेतून दुसऱ्यांचं सामान जातंच. धनुष्य पुढे नेऊन ठेवतो, असं तो आपणहून म्हणाला आणि मी ते सुटं करून, चादरीत गुंडाळून त्याला दिलं.

तो गेल्यावर मी बाण घ्यायला दुकानात गेलो. दुकानदाराने मोडक्या हिंदीत विचारलं, तुझ्या डावखुऱ्या मित्राला भेट आवडली ना? धनुष्य आपल्यासाठीच आहे, असं मित्राने त्या दिवशी अरबीत सांगितलं होतं. माझं टाळकंच फिरलं. शाळेपासूनच्या मित्राने केसाने गळा कापला होता.

शिमगा झाल्यावर घरी फोन केला. मी काही बोलायच्या आत बाबाच सुरू झाले. मित्राने नव्या धनुष्याने डुक्कर पाडलं होतं. ज्या धनुष्याने डुक्कर पडतं ते आमच्याकडे मारणाऱ्याचंच होतं, म्हणजे ते परत मागायचाही विषय संपला. मानाच्या वाट्यातली सागोती, म्हणजे मटण, त्याने आधी आमच्या घरी पाठवली होती.

"असो दोस्त मिळाक नशीब लागता रे," बाबा म्हणाले.

फोनवर इतकं खूश मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. मी हो म्हणालो.

तो परत यायच्या आत मी खोली बदलून अबू हलीफा भागात राहायला गेलो. भांडलो असतो तर गावात कळलं असतं, आणि बाबांच्या घशात ती सागोती अडकली असती. ते अजूनही त्याची खुशाली मलाच विचारतात.