दचकण्याचं दुकान

कुठलाही जुना सीपीयू उघडा, आत धूळ असतेच. कोणी मुद्दाम टाकत नाही, पण साठते. आमच्या दुकानातल्या किश्शांचंही तसंच झालंय. सांगायला बसले की एकाला झटकावं तर चार उडतात.

दुकान शहापूरला, एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत. मालक रमेशदादा. मी मुरबाडहून किन्हवलीमार्गे रोज एसटीनं येते. बीएस्सी कॉम्प्युटर झालेय, पण स्वभाव जरा घाबरट. कुकरची शिट्टी झाली तरी दचकते. केलेलं काम सात वेळा तपासते आणि आठव्यांदा दादाला विचारते, "बरोबर आहे ना?"

दादाचं उलट. तो एकदाच बघतो आणि एकच शब्द बोलतो. "गेली." किंवा "आहे." गिऱ्हाईक कितीही रडवेलं होवो, दादा कधी "बघू या, होईल काहीतरी" म्हणत नाही. त्याचं ठरलेलं वाक्य आहे, "मी खोटी आशा देत नाय."

*

माझा पहिलाच आठवडा. टेबलावर एका शाळेचा कॉम्प्युटर चालू होता. दादा समोर बसून तपासणीचं सॉफ्टवेअर चालवत होता. मी शेजारी डबा उघडत होते.

अचानक आतून बारीकसा 'टक' आवाज आला. मी एवढी दचकले की भेंडीची भाजी कीबोर्डवर!

दादानं भाजीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग सीपीयूला कान लावला. "मला तर काय ऐकू नाय आलं."

"आला ना दादा! नख वाजवल्यासारखा!"

अर्ध्या तासानं सॉफ्टवेअरनं निकाल दिला. हार्ड डिस्क खराब होत चालली होती. डिस्कच्या आत एक तबकडी फिरते आणि तिच्यावरून एक बारीक काटा वाचत जातो. त्याला वाचता आलं नाही की तो मागे जातो, पुन्हा येतो, पुन्हा अडतो. तोच तो 'टक'.

दादा शांतपणे म्हणाला, "सॉफ्टवेअरला अर्धा तास लागला. शीतलला अर्धा सेकंद."

त्या दिवसापासून दुकानाची पद्धतच पडली. संशयाची डिस्क आली की दादा मला शेजारी बसवतो, पंखा बंद करतो आणि माझ्याकडे बघत राहतो. डिस्ककडे नाही, माझ्याकडे! समोरचे शिंपीमामा तर मशीन थांबवून ओरडतात, "दचकली का रे पोरगी?"

कॉलेजात सगळे ज्याला हसायचे, त्याचा मला पगार मिळतो. आईला हे अजून पटलेलं नाही.

*

मग एकदा भोईरकाका आले. वय सत्तरीच्या आसपास, कडक इस्त्रीचा शर्ट, एका हातात सीपीयू आणि दुसऱ्या हातात लांबट रजिस्टर. भातसा धरणावर पाण्याची पातळी नोंदवण्यात त्यांचा जन्म गेला. आता निवृत्त, भातसानगरच्या अलीकडच्या गावात एकटेच राहतात.

"काय होतंय काका?" दादानं विचारलं.

काकांनी रजिस्टर उघडून समोर ठेवलं.

'सोमवार, सकाळी ९.००. टक, एकदा. ९.१०. टक, दोनदा. मंगळवार, सकाळी ९.००. टक, चारदा, मध्ये थोडी खरखर.'

तीन आठवड्यांच्या आवाजांची नोंद! सुवाच्य अक्षरात, रेघा मारून. शेवटचा रकाना 'तपासले' असा होता आणि तो खालपर्यंत रिकामा होता.

"हा कशाला, काका?"

"दुसऱ्याची सही लागते. एकट्याची नोंद धरत नाय. धरणावर तसंच होतं." मग म्हणाले, "घरात दुसरं कोण नाय, म्हनून रिकामं रायलंय."

दादानं सीपीयू चालू केला, पंखा बंद केला आणि माझ्याकडे पाहिलं. दुसऱ्याच मिनिटाला मी टुणकन उडाले.

काकांनी घड्याळ बघून नोंद केली आणि रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं. माझ्या आयुष्यातली ती पहिली अधिकृत सही. दचकल्याबद्दल!

*

दादा म्हणाला, "डिस्क बदलावी लागेल. नवीन टाकतो, सगळं नव्यानं भरतो, तुमचे फोटो तेवढे काढून देतो."

"फोटो मुलाकडं हायेत. नव्यानं काय नको." काकांनी सीपीयूवर हात ठेवला. "त्यात आमच्या हिचा डाव अर्धा हाय."

आम्हाला कळेना. मग त्यांनी हळूहळू सांगितलं. सुमनकाकू दुपारी जेवणं झाली की कॉम्प्युटरवर पत्ते लावायच्या. एकटीनं लावायचा खेळ. एक लागला की दुसरा. वर्षभरापूर्वी एका दुपारी अर्ध्या डावातून "आलेच कुकर बंद करून" म्हणत उठल्या, त्या परत खुर्चीत बसल्याच नाहीत.

"मी रोज सकाळी चालू करतो, बघतो, आनि बंद करतो. तो विचारतो, डाव ठेवू का? मी ठेव म्हनतो."

"तुम्ही पुढे खेळला नाहीत?" मी विचारलं.

"मला पान्याची पातळी कळते. पत्ते कुठं कळतात? आनि ती हात लावून देत नव्हती. माझा डाव हाय म्हनायची."

म्हणजे सगळी डिस्क जशीच्या तशी, कणाकणानं, नव्या डिस्कवर उतरवायची. आणि जुनी तर दर दहा मिनिटांनी टकटक करतेय! मध्येच बंद पडली तर डाव गेला. दादा म्हणाला, "होईलच असं नाय सांगत."

काका म्हणाले, "नका सांगू. करा."

*

त्याच आठवड्यात माझ्या कानांची अब्रू गेली.

सरळगावहून भातगिरणीवाल्या मावशी कॉम्प्युटर घेऊन आल्या. चालू केला आणि आतून ताडताड आवाज! मी खुर्चीसकट मागे सरकले. "दादा, गेली! पूर्ण गेली!"

दादानं कव्हर उघडलं. आत अक्षता. मूठभर! झेंडूच्या पाकळ्या, हळदकुंकू आणि पंख्याच्या पात्यांत अडकलेले तांदळाचे दाणे. दसऱ्याची पूजा अगदी झाकण काढून, मनोभावे केलेली. डिस्क ठणठणीत होती.

"मावशी, पूजा बाहेरून करायची हो!"

"बाहेरून कशी? देव आतमधी असतोय ना!"

 दादानं ब्रशनं सगळं साफ केलं आणि अक्षतांची पुडी बांधून मावशींना परत दिली.

मला मात्र दिवसभर एकच घोर. कान एकदा चुकला तर पुन्हाही चुकेल. काकांची डिस्क माझ्याच भरवशावर टेबलावर पडली होती.

*

आणि टोकावड्याचे ते गृहस्थ! डिस्क पिशवीत बांधून आणली होती. पिशवी उघडल्याबरोबर दुकानभर बोंबलाचा वास!

"कुठल्या तरी व्हिडिओत बघितलं, डिस्क फ्रीजरमध्ये ठेवली की जिवंत होते. आमच्या फ्रीजरमध्ये जागाच नव्हती, म्हणून बोंबलाखाली ठेवली."

दादानं फडक्यानं पाणी पुसलं, तार लावली, ऐकलं. "गेली."

"अजून एक रात्र ठेवू का?"

"बोंबील ठेवा. डिस्क गेली."

गृहस्थ हिरमुसले. मी दादाला नंतर म्हटलं, "जरा बरं बोलायचं ना!" तर म्हणाला, "बरं बोललो तर ते उद्या परत येतील. आज रडतील, पण मोकळे होतील."

मी भोईरकाकांचा विचार केला आणि डबा तसाच झाकून ठेवला.

*

काकांच्या डिस्कचा दिवस उजाडला. काका आठलाच हजर, रजिस्टरसह. जुनी डिस्क एका बाजूला, नवी दुसऱ्या बाजूला, मधून तारा. जुनी तापू नये म्हणून तिच्यावर टेबलफॅन.

अकरा वाजता वीज गेली! दुकान काळोखलं, पण इन्व्हर्टरनं काम धरून ठेवलं. दोन तासांची बॅटरी, आणि काम अजून निम्मंही नव्हतं. मी पाच मिनिटांत चार वेळा पाणी प्यायले.

शिंपीमामा मशीन बंद पडल्यामुळे पत्त्यांचा कॅट घेऊन आले. "पोरीचं लक्ष दुसरीकडं लावा, नायतर तीच बंद पडंल." मला पत्ते चांगले येतात, आजोबांनी शिकवलेत. पण तिसरा गडी हवा म्हणून दादाला बसवलं आणि घोटाळा झाला. दादानं हातातलं इस्पिक मामांना दाखवून विचारलं, "हा बदाम काळा का आहे?"

मामा हसून हसून लोळायचे बाकी राहिले. "अरे, पन्नाशीला आलास! राजा कुठला, गुलाम कुठला, तेवढं तरी?"

"दोघांना मिशा दिसतात," दादा म्हणाला.

कोपऱ्यात काकासुद्धा हसले. त्या दिवसातलं पहिलं हसू.

तेवढ्यात मी दचकले. एकदा. पुन्हा. लागोपाठ. पडद्यावर किती उतरलं ते दाखवणारा आकडा थांबला.

 पत्ते तसेच हातात राहिले. काकांनी घड्याळ बघितलं आणि लिहिलं, '१२.२०. टक, सहा वेळा. काम थांबले.' 

दादा उठला. अडलेला काटा सुटावा म्हणून जुनी डिस्क अलगद उचलून आडवीची उभी केली आणि हातानं तशीच धरून ठेवली. हात अवघडला तरी सोडली नाही. मी डोळे मिटून ऐकत बसले. सगळे माझ्याकडेच बघत होते. मी दचकत नव्हते. अजून नव्हते.

"सरकला," मामा कुजबुजले.

आकडा पुढे गेला होता. वीज आली तेव्हा इन्व्हर्टर शेवटचं पीप-पीप करत होता. साडेतीनला काम संपलं आणि अर्ध्या तासात जुनी डिस्क कायमची बंद पडली. काकांनी तिची वेळही नोंदवली. मी सही केली.

*

दुसऱ्या दिवशी मी आणि दादा सीपीयू घेऊन काकांच्या घरी गेलो. खिडकीजवळ टेबल, खुर्चीवर विणलेलं आसन. दादानं तारा जोडल्या आणि बटण दाबलं.

नव्या डिस्कच्या आत फिरणारं काहीच नसतं, त्यामुळे आवाजही नसतो. काका कान लावून बसले होते. दहा मिनिटं. मग लिहिलं, '११.१०. आवाज नाही.'

"लईच गप्प झालं घर," म्हणाले.

मग त्यांनी माउसचा बाण पत्त्यांच्या चित्रावर नेऊन दाबलं. पडद्यानं विचारलं, अर्धा डाव पुढे चालू करायचा का? काकांनी 'हो' दाबलं आणि पडदाभर पत्ते पसरले.

काका बराच वेळ बघत राहिले. मग आमच्याकडे न वळताच विचारलं, "ती जिंकत होती का हो?"

मी पानं बघायला मान पुढे केली. तेवढ्यात दादानं मला कोपरानं मागे सारलं. खिशातून चष्मा काढला, पुसला, लावला आणि वाकून एकेक पान बघितलं. अगदी डिस्क तपासतो तसं.

"जिंकत होत्या."

"नक्की?"

"काका, मी खोटी आशा देत नाय."

काकांनी घड्याळ बघितलं आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं, '११.२५. जिंकत होती.'

मग रजिस्टर माझ्याकडे फिरवलं. 'तपासले'चा रकाना रिकामा होता.

मी पेन घेतलं आणि पडद्याकडे न बघता सही केली.