बाकावर राहिलेला ट्रान्झिस्टर

"काही राह्यलं तं नाई ना, जी?"

संध्याकाळी बाग बंद होण्याच्या वेळी तिथले चौकीदार प्रत्येकाला हा प्रश्न विचारीत. आधी शिट्टी वाजवीत, तीही हलकेच, झोपलेल्या माणसाला दचकवू नये अशी. मग एकेका बाकापाशी जात. बसलेला माणूस उठला की त्याने मोकळ्या केलेल्या जागेवरून उजव्या हाताचा तळवा फिरवीत आणि विचारीत. लोक हसून 'नाही' म्हणत व फाटकाबाहेर पडत. मीही 'नाही' म्हणत असे. इतरांचे 'नाही' खरे होते. माझे खोटे होते, आणि ते मी पुष्कळ वर्षे त्यांच्या डोळ्यांकडे न पाहता बोललो.

नागपुरातली ती बाग काही नावाजलेली नव्हे. माझे घर आणि कचेरी यांच्यामध्ये ती होती, म्हणून तिच्यातून माझे रोजचे जाणेयेणे होते. चौकीदारांना सगळे बाबा म्हणत, मीही म्हणे. ते मला 'बाबूजी' म्हणत, कारण मी कचेरीत लिहिण्याचे काम करीत होतो आणि माझ्या खिशाला पेन असे. फाटकाच्या आत त्यांची एका खोलीची चौकी होती. पत्नी लवकर गेली होती, मूलबाळ नव्हते. कन्हानला एक भाची होती, ती सणासुदीला येऊन त्यांचे अंथरूण धुऊन जाई. एरवी त्या खोलीत एक स्टोव्ह, भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि एक लांब खुंटाळे, एवढाच संसार.

खुंटाळ्यावर मात्र त्यांचे स्वतःचे काही नसे. तिथे लोकांचे राहिलेले असे. कोणाची छत्री, कोणाची टोपी, एखाद्या लेकराचा एका पायातला बूट. येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावे म्हणून ते दार उघडे ठेवीत. एकदा वळवाच्या सरीत ते डोक्यावर पोते घेऊन फाटक लावायला निघालेले मी पाहिले. मागे खुंटीवर एक धडधाकट छत्री लटकत होती. बाहेरच्या पानठेल्यावरून पानवाला ओरडला, "बाबा, छत्री काय शोभेले टांगली काय?"

"ओली झाली तं मालक म्हणन, वापरली," बाबा म्हणाले आणि भिजत गेले.

दुसरी हकीकत मला फार आवडते. एका सकाळी त्यांना बाकाखाली कोणाची तरी दातांची कवळी सापडली. ती त्यांनी पेल्यात पाणी घालून त्यात ठेवली आणि पेला खिडकीत मांडला. संध्याकाळी एक म्हातारे गृहस्थ तोंडावर रुमाल धरून आले आणि चौकीसमोर नुसतेच येरझारा घालू लागले. बाबांनी एक शब्द न विचारता पेला त्यांच्या हातात दिला व पाठ फिरवली. नंतर मला म्हणाले, "बोलता येत असतं, तं मांगतलं असतं बिचाऱ्यानं. कवळी इथं, अन् मांगणार कायनं?"

ज्याला बोलता येत नव्हते त्याचे त्यांना असे समजले. मला बोलता येत होते. त्यामुळे माझे त्यांना कधी समजले नाही.

दर रविवारी सकाळी ते पांढरा धुतलेला सदरा घालून वस्तीतल्या विहारात वंदनेला जात. जे दिलेले नाही ते घेणार नाही, हे पंचशीलातले वचन त्यांनी आपल्या बोलीत आणले होते. कोणी म्हटले, बाबा, सापडलेली वस्तू सापडणाऱ्याची, तर ते मान हलवीत. "सापडलं म्हंजे देल्लं नाई होत. सापडलं म्हंजे नुसतं दिसलं."

आता माझे सांगतो.

माझे वडील तेव्हा बागेपलीकडच्या इस्पितळात होते. आम्ही सगळे जागून थकलो होतो. कारण म्हणून हे सांगत नाही. तसे होते म्हणून सांगतो. एका दुपारी आईने मला औषध आणायला पाठवले. माझ्या खांद्यावरच्या पिशवीत ट्रान्झिस्टर होता, अगदी नवा, हौसेने घेतलेला. औषध घेऊन परतताना मी बागेत शिरलो, कडुनिंबाखालच्या बाकावर बसलो आणि क्रिकेटची कॉमेंट्री लावली. एकच षटक ऐकून उठायचे ठरवले होते. बाग निर्मनुष्य होती. बाबा जेवून चौकीत आडवे झाले असावेत. कितीतरी दिवसांनी कोणीतरी आजाराखेरीज दुसरे काही बोलत होते, आणि मी ते ऐकत राहिलो. चहापानाला खेळ थांबला तेव्हा मांडीवरची औषधाची बाटली हाताला लागली. मी तशीच ती घेऊन धावलो. इस्पितळात पोचलो तेव्हा वडिलांच्या तोंडावर चादर ओढलेली होती.

डॉक्टर म्हणाले, औषध वेळेवर आले असते तरी काही फरक पडला नसता. आई औषधाबद्दल बोललीच नाही. ती म्हणाली, "तुला विचारत होते रे. सारखे दाराकडे बघत होते." मी म्हणालो की जवळच्या दुकानात औषध मिळाले नाही, थेट सीताबर्डीला जावे लागले. आईने माझ्या पाठीवरून हात फिरवला. त्या हाताखाली माझे खोटे पक्के झाले.

ट्रान्झिस्टर बाकावर राहिला हे घाटावरून परतल्यावर आठवले. मागायला जावे तर त्या दुपारी मी बागेत होतो हे कबूल करणे आले. बाग आमच्याच वस्तीची. चौकीत बोललेले पानठेल्यावर जाई, आणि पानठेल्यावरचे आमच्या अंगणात यायला वेळ लागत नसे. घरी मी सांगितले की ट्रान्झिस्टर एका मित्राला देऊन टाकला, आता ऐकवत नाही. आईला ते माझ्या दुःखाला शोभणारे वाटले.

तेरावे झाल्यावर मी पुन्हा कचेरीत जाऊ लागलो. पहिल्याच संध्याकाळी बाबांनी मला चौकीत बोलावले. वडिलांचे ऐकून वाईट वाटल्याचे ते बोलले. मग त्यांनी आपल्या दुपट्ट्यात गुंडाळलेले काहीतरी पुढे केले.

"निंबाखालच्या बाकावर होता, बाबूजी. मी उठून बाहेर आलो तं गाणं म्हणून राह्यला होता, एकटाच. आजूबाजूले कोणी नाई." त्यांनी तो मला दाखवला, पण माझ्या हातात दिला नाही. "एवढी भारी चीज. तुमी शिकलेले, तुमी सांगा. पोलिसात देऊ काय?"

त्या काळी रेडिओला परवाना लागे. पोलिसांत गेला असता तर त्याचा माग काढत कोणीतरी आमच्या दारी आले असते. मी थोडा वेळ विचार केल्यासारखे दाखवले आणि माझ्या नेहमीच्या हळू आवाजात म्हणालो, "नको, बाबा. तुमच्याजवळच ठेवा. मालक येईल."

आजही मला नवल वाटते ते या दोन शब्दांचे. 'मालक येईल' असे मालकच सांगत होता.

बाबांनी ती माझी आज्ञा मानली. सेल पाघळून यंत्र खराब होईल म्हणून त्यांनी ते सेल काढून कागदात बांधले. रोज संध्याकाळी ते ट्रान्झिस्टर दारातल्या खुंटीला टांगीत आणि बाग बंद झाली की उतरवून दुपट्ट्यात गुंडाळीत. कोणी विचारले की म्हणत, "बाबूजींनं सांगतलं हाये, मालक येईन." माझे नाव त्यांनी त्या वस्तूला जामिनासारखे बांधले होते.

आणि त्यांना रेडिओचे वेड होते, हे तुम्हाला सांगायला हवे. फाटक लावले की ते पानठेल्यावर जात आणि फळीला टेकून तिथल्या रेडिओवरच्या बातम्या, शेतकऱ्यांचा कार्यक्रम, भजने, जे लागेल ते ऐकत उभे राहत. पान ते खात नसत. पानवाला चिडवी, "घरी सोताचा असून माह्या ठेल्यावर काहून उभे राहता, बाबा?"

"माहा नाई गा तो."

"मंग कोनाचा?"

"येईन त्याचा."

पानठेला बंद झाला की ते चौकीत परतत. थंडीत कचेरीतून उशिरा येताना कधी मला खिडकीतून दिसे : ते अंथरुणावर बसलेले, समोर दुपट्ट्यातला तो मुका ट्रान्झिस्टर, आणि ते त्याच्याकडे एखाद्या परक्या घरच्या पाहुण्याकडे पाहावे तसे पाहत आहेत. त्या खोलीत दुसरे बोलणारे काहीच नव्हते. मी एकदा आत जाऊन म्हटले असते, 'बाबा, हा माझा. मी तुम्हाला दिला', तर तो त्याच क्षणी बोलू लागला असता. तेवढेच त्यांना हवे होते, कोणीतरी देणे. मी खिडकीवरून पुढे जात असे. घरी आई ताट वाढून वाट पाहत असे आणि 'दमलास का रे' म्हणून विचारीत असे. तिच्या नजरेतला तो चांगला मुलगा मला मोडवेना.

एकदा मी वेगळी वाट काढून पाहिली. म्हटले, "बाबा, इतके दिवस कोणी आले नाही. आता लावायला हरकत नाही." ते माझ्याकडे किंचित आश्चर्याने पाहत राहिले. "तुमीच तं म्हणले होते, बाबूजी, मालक येईन. आता येत नाई म्हणता काय?" मी घड्याळात पाहिले आणि फाटकाबाहेर पडलो.

ते निवृत्त झाले त्या दिवशी छत्र्या, टोप्या सगळे त्यांनी नव्या चौकीदाराच्या ताब्यात दिले. ट्रान्झिस्टर मात्र बरोबर घेतला. नव्या माणसाचा भरवसा वाटत नाही, असे त्यांनी माझ्या कानात सांगितले. मग म्हणाले, "मी कन्हानले चाललो, भाचीकडं. पुलाच्या पलीकडं, कोळशाच्या वखारीमागं. मालक आला तं पत्ता तेवढा सांगजा त्याले."

मी हो म्हटले. म्हणजे मालकाला त्यांचा पत्ता त्याच दिवशी मिळाला होता.

कन्हान काही दूर नाही. कामठीच्या पुढे, नदी ओलांडली की आलेच. तरी मला जायला कित्येक वर्षे लागली. मागच्या हिवाळ्यात आई गेली. शेवटपर्यंत ती येणाऱ्याला सांगत असे, की बापाच्या औषधासाठी हा पोर भर उन्हात सीताबर्डीपर्यंत गेला होता. ती गेली आणि ज्यांच्यापासून लपवायचे होते त्यांच्यापैकी कोणी उरले नाही. त्यानंतर मी बाबांकडे गेलो. याला धैर्य म्हणू नये.

बाबा अंगणात बाजेवर बसले होते. फार वाळले होते. मला त्यांनी लगेच ओळखले व बाजेवर शेजारी बसवून घेतले. दारातल्या खुंटीला ट्रान्झिस्टर टांगलेला होता. कातडी खोळीला तेलाचा हात दिलेला दिसत होता. मी ठरवून आणलेले वाक्य हळूच उच्चारले. बाबा माझ्या तोंडाकडे हसून पाहत राहिले.

चहा घेऊन आलेली भाची म्हणाली, "जोरानं बोला, बाबूजी. मामाले आता ऐकू येत नाई. कानाशी ओरडलं तं थोडंबहुत समजते त्याइले, नाई तं ढोलाचाबी नुसता हादरा."

मी ट्रान्झिस्टरकडे पाहिले.

अंगणात शेजारच्या दोन बाया तांदूळ निवडत होत्या. वखारीतली माणसे कुंपणापलीकडे बसली होती. आयुष्यभर मी हळू आवाजात बोललो आणि लोक त्याला माझा सभ्यपणा समजले. मला ओरडता येईना. चहा घेतला. प्रकृतीविषयी खुणांनी विचारले. मग जायला उठलो, आणि मनात कबूल केले की याही खेपेला मी तसाच परतणार.

बाबा माझ्याबरोबर उठले. मी बसलो होतो त्या जागेवरून, बाजेच्या काथ्यावरून, त्यांनी उजव्या हाताचा तळवा फिरवला आणि बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात विचारले,

"काही राह्यलं तं नाई ना, बाबूजी?"

मी त्यांचा हात धरला. त्यांच्या कानाशी वाकलो, आणि तेवढ्यानेही भागेना तेव्हा सरळ उभा राहून ओरडलो. तांदूळ निवडणारे हात थांबले. कुंपणापलीकडची माणसे उभी राहिली.

"राहिलं, बाबा. तो रेडिओ राहिला होता. मीच त्याचा मालक. त्या दुपारी माझे वडील जात होते आणि मी बागेत रेडिओ ऐकत होतो. ते लपवायला तुम्हाला इतकी वर्षं वाट बघायला लावली. तो मी तुम्हाला दिला, बाबा. तेव्हाच द्यायला हवा होता. माझं चुकलं. मला माफ करा."